वाकड्या पायाचा करकोचा

कोरियातल्या कांगजिन गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या होत्या. ओकबुन चाळीस वर्षं हिरव्या झिलईच्या भांड्यांवर करकोचे कोरते आहे. गेल्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, आज डाव्याची पाळी होती. सोबतीला शेजारीण माल्सुन आली होती.

"माल्सुन, तुझ्या सत्तरीला दिलेली बरणी परत आण."

"कशाला गं ताई?"

"फोडायचीय. काल तुझ्याकडे जेवताना नीट दिसली. एका करकोच्याचा पाय वाकडा आहे."

"तीन वर्षं कुणाला दिसला नाही तो."

"मलाच दिसत नव्हता. नाहीतर भट्टीच्या दारातच फोडली असती. खोट असलेलं भांडं मी कधी पुढे जाऊ दिलंय?"

"त्यात माझी कोबीची किमची मुरतेय."

"डब्यात काढून ठेव."

"मी नाही देणार. तुझ्या फळीवरची फोड की."

"परवाच फोडली. अकरा."

"अगं बाई. आणि आता?"

"आता पुन्हा कोरायची. आधी तुझी. वसंतात भट्टी लावणार."

"ताई, तू एकोणऐंशीची आहेस."

"म्हणूनच म्हणते, वेळ घालवू नकोस."

"नवी हातात पडली की जुनी देईन. त्याआधी नाही."

"बरं. तसं कर."

आतून ओकबुनचं नाव पुकारलं. ती काठी टेकत उठली.

"ताई, हा डोळा बरा झाला की महिनाभर माझ्याकडे जेवायला येऊ नकोस."

"का?"

"घरात तुझी अजून चार भांडी आहेत."

"पाच आहेत. रविवारी येते."