फाट्यावरचं वाक्य

(शहापूर. महामार्गाच्या फाट्याजवळ हरेशचं फ्लेक्स छपाईचं दुकान. सकाळ.)

दीप्ती : शिडी कुठं आहे, हरेशदादा?

हरेश : कशाला? जवळून फोटो पायजे? इथूनच घे, पूर्ण येतो. तुझा भाऊ बघ कसा आलाय. तो सूट मीच घातलाय कॉम्प्युटरवर. काल साध्या शर्टात आला होता येडा.

दीप्ती : फोटो नको. फ्लेक्स उतरवायचा आहे. आत्ताच.

हरेश : सकाळी सकाळी मस्करी करू नको गो. माजी विद्यार्थ्यांची चर्चासंध्या झाली की दुसऱ्या दिवशी पाहुण्याचं एक वाक्य फाट्यावर लागतं. दर वर्षी लागतं. गेल्या वर्षी कसाऱ्याच्या इंजिनिअरचं लागलं, ते पावसात फाटलं तरी त्यानं काढू दिलं नाय.

दीप्ती : पद्धत मला माहीत आहे. मीही त्याच शाळेची. भूषणदादानं सांगितलंय, उतरव.

हरेश : भूषण बोलला? का? शुद्धलेखन चुकलं?

दीप्ती : नाही.

हरेश : मग सूट नाय आवडला.

दीप्ती : वाक्य वाच एकदा.

हरेश : पाठ हाय मला. ‘अमेरिकेत आता लोक आधी दार लावतात, मग बोलतात.’ खाली डॉक्टर बुद्धभूषण, त्याच्या विद्यापीठाचं नाव, आपल्या शाळेचं नाव. आमी सगळे तिकडच्या बर्फाचं ऐकायला आलो होतो गो. बर्फ, रस्ते, त्याची गाडी. पहिला प्रश्नच तो होता, गाडी कुठली. आणि हा सांगायला लागला त्याच्या लॅबमधल्या म्हातारीचं. तिच्या खोलीचं दार म्हणे उभ्या जन्मात कधी बंद नव्हतं, कोणीही जावं, वाद घालावा. या वर्षी ती दार लावायला लागली. आणि डब्याच्या टेबलावर शास्त्रज्ञ लोक फक्त हवापाण्यावर बोलतात. शेजारचे दोन सख्खे भाऊ मतदानावरून सणाला एकत्र जेवत नाय.

दीप्ती : तेव्हा तू हसलास.

हरेश : बांध नसताना भाऊ भांडतात, हसू नाय येणार? पण दाराचं बोलला तेव्हा नाय हसलो. कोणीच नाय. म्हणून तर तेच वाक्य घेतलं.

दीप्ती : सुरुवातीला त्यानं काय विनंती केली होती?

हरेश : मोबाईल खाली ठेवा बोलला. ठेवले की. एकानं पण शूटिंग नाय केलं. मी स्वतः फिरून बघितलं. फ्लेक्सचं काय बोलला नाय तो.

दीप्ती : त्याला वाटलं नसेल सांगावं लागेल म्हणून.

हरेश : नीट सांग बघू, काय झालंय?

दीप्ती : ते मागचं दार लाव आधी.

हरेश : काय बोललीस?

दीप्ती : दार लाव. आत कोणी आहे, कपबशीचा आवाज येतोय.

हरेश : दीप्ती, तू आत्ता काय बोललीस ते ऐकलंस का?

दीप्ती : ऐकलं.

हरेश : आत तुझी आई हाय. तानशावरून पहिल्या जीपनं आली बोर्ड बघायला. समोर उभी राहून हात जोडले तिनं. मीच चहा दिला.

दीप्ती : आईला कळायला नको होतं.

हरेश : लावलं दार. सांग.

दीप्ती : रात्री तो माझ्याकडे वाशिंदला होता. सकाळी तू ग्रुपवर टाकलेला फोटो त्यानं पाहिला. चहा निवला तरी कप हातात तसाच. मग खिडकी लावली आणि मला म्हणाला, उतरव. परवा त्याला परत जायचं आहे. तिकडच्या विमानतळावर कधी फोन उघडायला सांगतात, कुठं काय बोललात ते विचारतात. सगळ्यांना नाही. पण कोणाला विचारतील ते आधी सांगता येत नाही. त्याच्या ओळखीच्या एकाला तिथूनच परत पाठवलं. रविनावहिनी आणि छोटी तिकडे आहेत, हरेशदादा. छोटी रोज फोनवर विचारते, किती वेळा झोपले की बाबा येणार.

हरेश : अरे पण शहापूरच्या फाट्यावर मराठीत लिहिलेलं तिथं कोण वाचणार?

दीप्ती : मीही हेच म्हणाले. तो म्हणाला, वाचायला आता माणूस लागत नाही, मशीन वाचतं. मला वाटलं, तो थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही.

हरेश : भूषण घाबरला? आपला भूषण? गॅदरिंगला माइक सोडायचा नाय. सरांना वर्गात चूक दाखवायचा.

दीप्ती : तोच.

हरेश : मला वाटलं तो दुसऱ्यांचं सांगतोय. म्हातारीचं, शेजाऱ्यांचं.

दीप्ती : मलाही तसंच वाटलं होतं.

सोनूबाई : दार कशाला लावलाव गो?

दीप्ती : आई. काही नाही, धूळ येत होती.

सोनूबाई : धूळ कुठली? तुमचा सगला आयकला मी. पत्र्याचा दार हाय. छोटीकडं जाऊ देणार नाय त्याला?

दीप्ती : देतील, आई. बहुतेक देतील. म्हणूनच बोर्ड उतरवतोय.

सोनूबाई : काय चोरी केली त्यानी?

दीप्ती : नाही.

सोनूबाई : कोनाला शिवी दिली?

दीप्ती : तू होतीस की काल, पुढच्या रांगेत.

सोनूबाई : व्हती. त्या बाईच्या दाराचा सांगत व्हता. मना वाटला थंडी हाय तिकडं, म्हनून लावीत असंल.

हरेश : काकी, तुमी बसा. पाणी देऊ?

सोनूबाई : नको रे. त्याला धाडला तवा सगली वस्ती विहारात उभी व्हती. बाबासाहेब शिकले तिकडं चाललाय म्हनून. दीप्ती, ह्यो त्योच देस ना गो?

दीप्ती : तोच, आई.

सोनूबाई : मास्तर घरी यायचा सांगाया, तुमचा पोरगा लय बोलतो. ह्याचा बापूस म्हनायचा, बोलू द्या, आमी नाय बोललो त्याचा काय झाला ते बघलाव ना. आनी आता त्यानीच सांगला, उतरव?

दीप्ती : हो.

सोनूबाई : मंग उतरवा. बघत काय बसलाव?

हरेश : उतरवतो. पण दीप्ती, एक सांगायचं राहिलं. दोन छापलेत. दुसरा मुरबाडला लागलाय. तिथला सुदाम रात्रीच घेऊन गेला, त्यांच्या कॉलेजलाही भूषणला बोलवायचं होतं ना.

दीप्ती : हरेशदादा!

हरेश : लावतो फोन. थांब. हॅलो, सुदाम? तो फ्लेक्स काढ. हां, आत्ता. स्टेटस पण काढ, आणि तुमच्या ग्रुपवरचा फोटो डिलीट मार. नाय रे, भांडण नाय झालं. पैशाचं पण नाय. अरे सांगतो नंतर. नाय, फोनवर नको. भेटल्यावर सांगतो.

दीप्ती : काय म्हणाला?

हरेश : बोलला, असं काय हाय जे फोनवर सांगता येत नाय. दीप्ती, मी असं कधी कोणाला बोललो नव्हतो गो. तोंडातून आपोआप आलं.

दीप्ती : शिडी धर. मी चढते.

हरेश : तू कशाला, मी चढतो. तू खाली दोरी घे. काकी, बाजूला व्हा, वारा हाय. हां, सुटला एक कोपरा. दीप्ती, ओढू नको, फाटंल.

सोनूबाई : फाडू नका रे. तोंड हाय त्यावर त्याचा.

हरेश : नाय फाडत. घे, आला खाली. आपल्या ग्रुपवरचा फोटो आत्ताच काढतो. पण कोणी कोणी आधीच ठेवलं असंल ते नाय सांगू शकत मी.

दीप्ती : माहीत आहे. दादालाही माहीत आहे.

हरेश : मग?

दीप्ती : मग काही नाही. परवा निघून तो तिकडे उतरला की फोन करेल. तोवर वाट पाहायची.

हरेश : याचं काय करू? जाळू?

सोनूबाई : मना दे.

हरेश : काकी, लोक लाकडांवर घालतात, गवतावर घालतात. यावर भूषण हाय.

सोनूबाई : लाकडांवर नाय घालीत. पडवीला लावीन, पत्र्याच्या खालून. पानी गलतो तिथं. अक्षरं घराकडं करीन, भायेरून नाय दिसायची.

दीप्ती : आई, लाव. पण कोणाला फोटो काढू देऊ नकोस.

सोनूबाई : नाय देनार. दार लावून ठेवीन.