पंखाचा कच्चा जोड

तुमाले वाटते सिनेमात जुनं लढाऊ विमान खरंच पडते. जामुलच्या मैदानात पडलं ते पत्र्याचं होतं, आमच्या बाबांनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेलं. डायरेक्टरनं बजावलं होतं, "चाचा, पंख का जोड़ कच्चा रखना. गिरते ही टूटना चाहिए."

क्रेननं विमान तीनदा वरून सोडलं. नाक चेपलं, शेपूट वाकलं, पंख काही तुटला नाही. डायरेक्टर सगळ्यांसमोर बाबाले बोलला.

घरी येताना स्कूटरवर मी विचारलं, "कच्चा कावून नाही ठेवला, बाबा?"

"ठेवून पाह्यला. हातच चालेना," बाबा म्हणाले. "ज्या शिडीचा जोड सुटून तुहा काका गेला, ते शिडी माह्याच हातची होती."