पाना, केक आणि काका

आमच्या निखिलचं ऐका. हा माझा पुतण्या, ब्रिटनमध्ये कार्डिफला विमानं दुरुस्त करतो. एकदा दुपारी त्याचा फोन आला, आवाज अगदी बारीक.

“काका, माझा पाना बहुतेक इंजिनात राहिलाय. विमान आता निघेल. सांगितलं तर नोकरी जाईल, व्हिसाही जाईल.”

मी जन्मभर कारकुनी केलेली. तोंडातून आपसूक निघून गेलं, “कुणी पाहिलंय का?”

“काका, त्यात माणसं बसणार आहेत!” म्हणत त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा फोन. “सांगून टाकलं. विमान थांबवलं, पाना सापडला. मग मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं.”

“आणि तुला काढलं?”

“नाही हो, टाळ्या वाजवल्या! स्वतःहून सांगितलं म्हणून केक आणला.”

चुकीबद्दल केक? आमच्या ऑफिसात चूक शोधून देणाऱ्याचीही बदली व्हायची. “नक्की तुझ्यासाठीच होता ना?”

“मलाही कळेना. त्यांनी एवढंच विचारलं, सांगायला उशीर का झाला? मी म्हटलं, आधी काकांना विचारत होतो.”

“मग?”

“आता विमानं दुरुस्त करतो त्या हँगरमध्ये बोर्ड लागलाय. चूक झाली तर आधी सुपरवायझरला सांगा, काकांना नंतर.”