बोलता येईल इतकाच वेग

...चालवून राहिली न मी वं काजल — तू घड्याळाकडे पाह्य, माह्या तोंडाकडे नको पाहू. गुडघा बरा आहे. ऑपरेशन झाल्यापासून आजच एवढा वाकला तुह्या या फिजिओथेरपीच्या, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर. आता विचारशील, दहापैकी किती जड वाटते — चार लिही. नाही, पाच. घाम आला, श्वास वाढला, पण पूर्ण वाक्य बोलता येते न? मग वेग बरोबर आहे. हे मले तुह्या आधी आमच्या ह्यांनी शिकवलं. दर रविवारी आम्ही दोघं सायकलनं कामठीपर्यंत — हो, ह्या वयात, लोक हासत! — ते म्हणत, "गोपिका, बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं पाहिजे, तो आपला वेग." घरात सून, नातू, टीव्ही — घरात कोण बोलते? आमचं सारं बोलणं त्या रस्त्यावरच होये.

मग मागच्या हिवाळ्यात ते गप्प झाले. मी बोलू, ते नुसतं "हं". काहून, दमले का? — "नाही वं, हलकं वाटून राहिलं." मले वाटलं, माह्याशी बोलायचंच नाही ह्यांले आता. रडली मी, बाथरूममधी नळ सोडून. इतक्या वर्षांच्या नवऱ्याले काय विचारू — मी नकोशी झाली का म्हणून?

मले थांबवू नको, माहे पाय चालू दे. एका रविवारी कामठीच्या अलीकडेच ते उतरले, सायकल झाडाले टेकवली, माह्याकडे पाहून हासले — अन् खालीच बसले. ऑटोवाल्यानं धंतोलीतल्या दवाखान्यात आणलं, पण सारं रस्त्यातच संपलं होतं. डॉक्टर म्हणे, हृदय कितीक महिन्यांपासून थकलं होतं, पाय सुजत असतील, धाप लागत असेल, बोलले नाही का कधी? नाही बोलले. बोलले असते तर मी दोन्ही सायकली विकून टाकल्या असत्या — ते माहीत होतं न त्यांले! श्वास वाचवत होते वं ते. सायकल चालवता चालवता बोलले असते तर मागं पडले असते. अन् मी इकडे रुसून बसली, का हा माणूस आता माह्या —

काय झालं? काहून बंद केली मशीन? नाडी वाढली? पाय तर तेवढेच फिरून राहिले होते न. हे दमल्याचं नाही वं, गुडघ्याचं तर मुळीच नाही. तो टॉवेल दे इकडे. अन् जा तू, बाहेर लोक बसले आहेत — जा न वं.