हातभर खाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रामाजी धोटे स्मृती न्यासाचे सचिव माननीय वैभवरावजी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या खांद्यावर आत्ताच शाल पडली ते आमचे श्रावण पेंटर, पांढुर्णा, सौसर आणि नदीपलीकडच्या सावरगावहून आलेली मंडळी, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या शांताबाई. शांताबाईंचं नाव मला दिलेल्या कागदावर नव्हतं. मी ते घेतलं, कारण आजचा हा कार्यक्रम त्यांच्यामुळे होऊन राहिला आहे आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पाच मिनिटांत माझी हजेरीसुद्धा कधी पुरी झाली नाही. तेव्हा अध्यक्षांनी मधे चिठ्ठी पाठवू नये, ही नम्र विनंती.

निमंत्रणपत्रिका फार सुबक छापली आहे. तिच्यात लिहिलं आहे, 'श्रावणजी गजभिये यांनी प्रकृतीच्या कारणास्तव चित्रघर बंद करण्याचा निर्णय घेतला.' कुणाची प्रकृती? श्रावण रोज सकाळी जाम नदीच्या पुलापर्यंत पायी जाऊन येतात. माझे गुडघे दुखतात, त्यांचे नाही. प्रकृती बिघडली असेल तर ती आपली, या गावाची बिघडली आहे. आणि दुखणं लपवायला आपण शाल-श्रीफळ आणलं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावण म्हणजे आपल्या बाजारातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्स आले आणि ब्रश बसले. दुसरा कोणी असता तर हातावर हात ठेवून घरी बसला असता. यांनी न्यासाकडे या सभागृहाची एक भिंत मागितली. न्यासाने दिली, ते उपकार मी नाकारत नाही. तेच आपलं चित्रघर, आणि त्याचा हिशेब-पत्रव्यवहार मी पाहत असे. सात वर्षं या भिंतीवर चित्रं लागली. रामाकोन्याच्या शाळेतल्या मुलींची लागली, जामसांवलीच्या जत्रेतल्या खेळणीवाल्यांची लागली. तिकीट नाही, फीत कापणं नाही. चप्पल बाहेर काढू नका असं श्रावण ओरडून सांगत, तरी लोक काढूनच आत येत.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी 'आपली माणसं' मांडलं. बारा चित्रं, बाराही माणसं हयात. आता आपल्याकडे भिंतीवर फोटो कुणाचा लागतो? गेलेल्याचा. त्यामुळे पहिल्या दिवशी काय गंमत झाली! लोक आत येत, हात जोडत, 'कवा गेले जी?' असं हळूच विचारत. सावरगावच्या एका सद्गृहस्थाने तर स्वतःच्या व्याह्याचं चित्र पाहून घरी फोन लावला आणि फोन त्या व्याह्यानेच उचलला. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसू येत होतं.

श्रावणची चित्रं लावायची रीत पाटी रंगवणाऱ्याची. निळीत बुडवलेली दोरी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, मधे धरून सोडायची, की सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर सगळ्या चौकटींची वरची कड. दोरीचं एक टोक त्यांनी न्यासाच्या संस्थापकांच्या, कैलासवासी रामाजींच्या फोटोशी धरलं, कारण तो आधीपासून भिंतीवर होता. त्याच्या शेजारी खिडकीचा उजेड चांगला, म्हणून तिथे शांताबाईंचं चित्र लागलं. संत्र्याचे क्रेट डोक्यावर, पदर कमरेला खोचलेला, नजर थेट समोर. चाळीस वर्षं रामाजींच्या बागेत त्यांनी संत्री तोडली आणि निवडली.

मग रामाजींची पुण्यतिथी आली. त्यांच्या धाकट्या बहीण अंबाबाई रामाकोन्याहून आल्या. वय पंच्याऐंशी, एका डोळ्याने दिसत नाही. भावाला हार घातला. शेजारी पाहतात तर शांता! त्या तिथेच रडायला लागल्या, की शांता गेली आणि मले कोणी सांगतलं नाही. पिशवीत देवासाठी आणलेला दुसरा हार होता, तो त्यांनी शांताबाईंच्या चित्राला घातला. तसाच झेंडूचा, तेवढ्याच लांबीचा. त्या घराण्यात शांताबाईंसाठी कोणी रडलं असेल, तर त्या एकट्या अंबाबाई.

कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. दोन चित्रं, एका रेषेत, दोन सारखे हार. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. पुढे काय झालं ते मी सभ्य भाषेत सांगते. न्यासाची बैठक झाली. शांताबाई कोणत्या वस्तीतल्या, कोणाच्या जयंतीला निळा झेंडा घेऊन निघतात, हे कोणी बोललं नाही. आपण सुशिक्षित आहोत, आपण तसं बोलत नाही. आपण 'परंपरा' म्हणतो, 'भावना' म्हणतो. वैभवरावजी मला म्हणाले, "मॅडम, चित्र काढा असं आमी म्हणूनच नाही राहिलो. फक्त हातभर खाली घ्या. रामाजीच्या बरोबरीनं नको."

फक्त हातभर! वैभवरावजी, शांताबाईंनी तुम्हाला लहानपणी कडेवर घेऊन बाग दाखवली. तेव्हा तुम्ही कोणाच्या बरोबरीत होता? मला राग येतो आहे आणि तो मी लपवणार नाही. आपण जिल्हा झालो. कचेऱ्या आल्या, साहेब आले, गाड्या आल्या. पण संत्री निवडणाऱ्या बाईचं चित्र मालकाच्या फोटोच्या रांगेत पाहिलं की आपल्या पोटात दुखायला लागतं. आणि हे फक्त न्यासाचं नाही. इथे बसलेल्या किती जणांनी मला वाटेत अडवून सांगितलं होतं, 'जाऊ द्या ना बाई, हातभराचाच तर प्रश्न आहे'? हात वर करू नका, मी नावं जाणते.

श्रावण म्हणाले, दोरी एकदा ताणली की ताणली. न्यास म्हणाला, मग भिंत सोडा.

आता जे सांगणार आहे ते श्रावण, शांताबाई आणि न्यासाची माणसं सोडून कोणाला ठाऊक नाही. श्रावण रंग आणायला नागपूरला गेले होते. मला वाटलं, सात वर्षांचं काम एका खिळ्यापायी बुडतं आहे. मी स्टूल घेतलं, हातोडी घेतली, आणि शांताबाईंचं चित्र माझ्या या हातांनी हातभर खाली लावलं. न्यासाला फोन करून कळवलं. वैभवरावजी, तुम्ही मला समंजस म्हणालात. ते मी विसरलेली नाही.

त्याच दुपारी शांताबाई आल्या. मुलगी वैशाली नुकतीच दिलेली, तिच्या सासरची माणसं सोबत होती. विहिणीला आपलं चित्र दाखवायला आणलं होतं. सगळे भिंतीसमोर उभे राहिले. विहिणीने विचारलं, बाकीचे सारे वर, हेच काहून खाली? शांताबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विहिणीला म्हणाल्या, "माह्या डोयाले वरचं दिसत नाही ना, म्हून बाईनं खाली लावून देल्लं."

त्यांचे डोळे आजही सुईत दोरा ओवतात. विहिणीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी 'हो' म्हटलं. मग मी त्यांना चहा पाजला.

श्रावण परतले, भिंत पाहिली. कोणी केलं विचारलं, मी म्हटलं, मी. ते रागावले नाहीत. त्यांनी चित्र परत रेघेवर लावलं, क्षणभर पाहिलं, आणि मग एकेक करून बाराही उतरवायला लागले. मी म्हटलं, अहो, आता चालू राहील ना. ते म्हणाले, "एकीले खाली घेतल्याबिगर जे चालत नाही बाई, ते चालवाचं कशाले?" दुसऱ्या दिवशी किल्ली न्यासाच्या कार्यालयात पोचली. ही त्यांची 'प्रकृती'.

तेव्हा चित्रघर फक्त न्यासाने बंद केलं नाही. न्यासाने मागितलं आणि मी दिलं.

पाच मिनिटं केव्हाच संपली. ऐकून घेतल्याबद्दल आभार. संयोजकांचे आभार, चहा-नाश्त्याची व्यवस्था करणाऱ्यांचे आभार. अशा वेळी बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायचं असतं. मी जे आज बोलले त्यासाठी मला कोणाची क्षमा नको. त्या दुपारी जे एक 'हो' बोलले, त्यासाठी हवी आहे. पण शांताबाई, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुम्ही आत्ता उठाल, 'जाऊ द्या बाई' म्हणाल, माझा हात धराल. कृपा करून उठू नका. मला माफ करायचं तर नंतर कधी करा, तुमच्या घरी, नाहीतर करूच नका. या सभागृहात नको. तुम्ही इथे मला माफ केलंत, की हे सगळे टाळ्या वाजवून मोकळे होतील.