पिवळ्या चिंधीच्या ओळी

हॅलो?… हॅलो… हो दीपा, बोल. ऐकू येऊन राह्यलं. मी वाटेतच आहो, वावराकडं निघालो… काय झालं? धाप काहून लागली तुले?

आज?… आज पाचला बंद होते? अवं पण तू तर रविवारी येतो म्हणाली होती. शेवटची बोंडं रविवारी फोडतो, मंग अर्ज पाठवतो, असं तूच सांगितलं मले… सरांनी तारीख चुकीची वाचली?… बरं. त्यायले काही बोलू नको. तू कुठं आहेस?… कॉम्प्युटरच्या दुकानात. सर बाजूलेच आहेत. बरं.

रडू नको… अवं ऐक ना! पुण्याच्या त्या लोकांनी साऱ्या देशातून पोरं बोलावली. बोटावर मोजण्याइतकीच घेणार, उन्हाळाभर प्रयोगशाळेत ठेवणार, हे तूच सांगून राह्यली होती ना गावभर? मंग? रडल्यानं अर्ज भरते का? मी काय करू ते सांग.

हो… हो, मी फोडतो ना बोंडं. तू कशी फोडते ते पाह्यलं मी. कपाशीच्या झाडाची पाच हिरवी बोंडं, अंगठ्यानं फोडायची, आत अळी पाहायची… ठाऊक आहे, बाई. लाल चिंधीच्या ओळीत निंबोळीचा अर्क मारला, पिवळ्या चिंधीच्या ओळीत काहीच नाही मारलं. दोन्ही मोजल्याशिवाय फरक समजत नाही. हे तू मले झोपेतून उठवून विचारलं तरी सांगन.

थांब, पोचलो. वाटेवर आडवी लावलेली काटी काढतो… एका हातात फोन आहे ना… आई गं!… काही नाही, काटा गेला बोटात. शिरलो आत. कागद घेतला?

लाल ओळ. पहिलं झाड. लिही. चांगलं… चांगलं… किडकं… चांगलं… हे कुजलं आहे, पण अळी नाही. कशात धरू?… वेगळं लिहिते? बरं.

पुढचं झाड. चांगलं… चांगलं… हे पण चांगलं… किडकं, जिवंत आहे आत, गुलाबी… चांगलं. झालं. अर्कानं फरक पडला पाह्य, मले तर दिसूनच राह्यलं… मले काय वाटते ते सांगायचं नाही? बरं, मास्तरीण बाई. मोजायचं फक्त. सांगतो…

…चांगलं. संपली ही ओळ. लाल चिंधीच्या ओळी झाल्या साऱ्या… किती वाजले? सव्वाचार? आहे की मंग वेळ. पाणी पी जरा तू. मी पिवळ्याकडं चाललो, तिकडच्या धुऱ्याच्या बांधावर. बोलत राहाय…

अरे! अरे हट्! हट्!… दीपा, फोन ठेवू नको… ए हुर्र! किसनसिंग! ओ किसनसिंगभाऊ! काढ तुह्या बकऱ्या! काढ बाहेर पहिले!… हट्!

…हॅलो. आहेस ना?… बकऱ्या शिरल्या. किसनसिंगच्या… हो, पिवळ्यात… थांब, पाहू दे मले…

सारंच खाल्लं, दीपा. पाला नाही, बोंड नाही. नुसत्या काड्या उभ्या आहेत, अन् चिंध्या.

…नाही, नाही, त्याले कायले शिव्या देते? काटी बाजूला दिसली म्हणजे वावर चराईले मोकळं, हे साऱ्या गावचं आहे. यंदा अळीपायी साऱ्यांनी कपाशीच्या पराट्या कवाच उपटल्या. आपलंच एक हिरवं राह्यलं होतं, तुह्या प्रयोगासाठी. त्याले वाटलं, झाला असन आता प्रयोग. तो काय कोणाचं चोरून चारणारा माणूस आहे?

काटी?… मीच काढली ना, आत येताना… नाही लावली परत.

काहून म्हणजे… काय सांगू तुले… मी पुढं चालतो, दीपा. मागून तुही माय येते. म्हणजे, येत होती दिवाळीपर्यंत. तेच ओढून घ्यायची काटी. लग्न झाल्यापासून मी कधी मागं वळून पाह्यलंच नाही, लागली का नाही लागली ते. आजही तसाच चालत आलो… ध्यानातच नाही आलं.



सर काय म्हणते?… मागच्या खेपेचे आकडे टाक म्हणते? थोडे वाढवून? मंग टाक ना! टाक, बाई. पुण्याहून कोण येते इथं मोजाले? पिवळ्यात दर खेपेला किडकं जास्तच निघालं, आजही जास्तच निघालं असतं. मी पाह्यलं असं समज. सांगू? लिही. किडकं, किडकं, चांगलं…

नाही काहून?… कोणाले कळते पण?… तुले कळते, हे ठीक आहे, पण तू कोणाले सांगणार आहेस?… अवं, शाळा करून उन्हात बादल्या वाहिल्या तू! हाताची सालं गेली. अन् आता दहा-बारा झाडांपायी… मी रागावून नाही राह्यलो. हा रागाचा आवाज नाही. तुले जायला भेटलं पाह्यजे एवढंच म्हणतो मी…

थांब! थांब थांब. खाली बोंडं पडली आहेत. बरीच आहेत! पिवळ्यातलीच आहेत, झाडाच्या बुडाशीच आहेत. हे मोजतो. किडकं… किडकं… किडकं… लिहून राह्यली ना? किडकं… लिहून काहून नाही राह्यली?

काय?… …हो वं. खरं आहे. चांगलं बोंड बकरी खाऊन जाते, किडकं थुकून देते. खाली पडलेलं मोजलं तर साऱ्याच झाडाले अळी होती असं दिसन… नाही, समजलं. समजलं मले.

काय गा किसनसिंग?… दीपा, हा म्हणते, चांगली बोंडं बकरीच्या पोटात आहेत, लागते तर एक बकरी घेऊन जा, मोजा आतलं… मजाक करून राह्यला, पण तोंड उतरलं त्याचं. दीपाबाईचं नुकसान झालं म्हणते… तू काही मनात धरू नको. सांगतो त्याले.

किती राह्यले? वीस मिनिटं?… थांब, कोपऱ्यात आहे वाटते काही. बोरीच्या आड… दोन झाडं! चिंधी पिवळीच आहे. बोरीच्या काट्यांनी बकऱ्यांची तोंडं गेली नाहीत आत. किसनसिंग, ते फांदी धर वर. अजून वर… शिरलो. लागू दे काटे, तू लिही.

किडकं… चांगलं… किडकं… किडकं… हे दोन अळ्यांचं आहे, एकच धरायचं?… बरं. आता दुसरं. किडकं… चांगलं… चांगलं, खरंच चांगलं आहे, काय करू… किडकं… चांगलं. झालं. संपलं. याच्याबाहेर काहीच नाही.

दोन झाडांवर घेतील का ते?… सरांले माहीत नाही. तुलेही माहीत नाही. हं…

काय लिहिलं ते वाच बरं मले… “शेवटच्या मोजणीत पिवळ्या ओळींची दोनच झाडं शिल्लक होती. बाकीची बकऱ्यांनी खाल्ली. त्यामुळं ही मोजणी आधीच्या मोजण्यांसारखी धरू नये.”… हे शेवटचं लिहावंच लागते? आपणच आपलं कमी सांगायचं?… बरं. तू म्हणते तर लागते. सर मान हलवून राह्यले? मंग ठीक आहे.

अजून काय राह्यलं?… मदत करणाऱ्यांची नावं? लिही ना. शेवटची मोजणी धर्मपाल, वडील. किसनसिंगचं पण टाक, फांदी त्यानंच धरली… हसली का? हस, हस.

हो. पहिल्या मोजण्या तुह्या मायच्याच आहेत. तू तवा यवतमाळले होती, पावसात तेच यायची बोंडं फोडाले… तर तिचं नाव लिहावंच लागन. वच्छलाबाई. आई.

…काय म्हणते?… नावाच्या अगोदर “कालकथित” लिहू का म्हणते?



नको लिहू. गेलेल्या माणसाच्या पत्रिकेवर लिहितो आपण, तिथं बरोबर आहे. पण इथं नको. हे बोंडं तिनं मोजली तवा ते होती ना. जसं होतं तसं लिहायचं, हेच सांगून राह्यली ना तू मघापासून? मंग नुसतं वच्छलाबाई लिही.

लिहिलं? पाचाले पाच कमी? दाब मंग. भिऊ नको, दाब… दाबलं?… फिरून राह्यलं? फिरू दे. मी आहो. ठेवत नाही मी… काय दिसून राह्यलं? अजून फिरूनच राह्यलं?…

गेला?… खरंच गेला? पोचला म्हणून लिहून आलं तिथं? वाच बरं, काय लिहून आलं… हॅलो?… रेंज गेली काय… दीपा?… हॅलो…