भार्गवाची हाक

मंडळी, ऐका! जरा पुढे सरका. ते खांबाला टेकलेले पाहुणे — टेका, खुशाल टेका, पण घोरू नका! आजचा सवाल एकच. देवानं माणसाला घडवलं, प्रत्येकाच्या अंगी काहीतरी खास घातलं. मग 'ह्याला सुतार करा, हिला वैद्य करा' एवढं सांगून का नाही पाठवलं? काय बिघडलं असतं?

तर कोकणात खाडीकाठी एक गाव. तिथे हरिश्चंद्रशेट वेदकांची सोनाराची पेढी, पिढीजात! त्यांचा एकुलता एक मुलगा भार्गव. वय बावीस, स्वभावानं गरीब गाय. पण आवाज! अहो, ह्यानं घरात "आई, भात वाढ" म्हटलं, की शेजारीण पातेलं घेऊन धावायची!

आणि सोनारकाम म्हणजे कुजबुजीचा धंदा. एक दिवस सगुणाकाकू खोत आल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "शेट, जाऊबाईंसारख्या पाटल्या करा. पितळेच्या, वर सोन्याचा मुलामा. कुणाला कळता कामा नये हो!" शेटनी मान डोलावली. भार्गवानं आतल्या कारागिराला सांगितलं — "सगुणाकाकूंच्या पाटल्या पितळेच्याऽऽ! वर मुलामाऽऽ!" जाऊबाई कुठे होत्या? समोर भाजी घेत होत्या!

शेटनी कपाळाला हात लावला. पोराला वैद्यबुवांकडे मदतनीस म्हणून धाडलं. तिथे नेमके सगुणाकाकूंचे यजमान, रावजी खोत! लाजत लाजत भार्गवाच्या कानाशी लागले. भार्गव वळला — "वैद्यबुवाऽऽ! रावजींना मूळव्याधऽऽ!" ओसरीवर बसलेले सगळे रोगी आपापलं दुखणं विसरले हो! मग देवळात पूजेला बसवला, तर पहिल्याच मंत्राला गाभाऱ्यातली वटवाघळं उडाली.

शेट भडकले. "दसऱ्याला पेढी पुतण्याच्या हवाली करतो! तू कशाच्याच कामाचा नाहीस!"

भार्गव त्या दिवशी जेवला नाही. बाप म्हणाला तेच त्यालाही खरं वाटायला लागलं होतं. आईनं जवळ बसून विचारलं, "बाळा, तुला आवडतं काय रे?" बघा मंडळी! बावीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं!

"आई, धक्क्यावर उभं राहून पलीकडच्या माणसांना हाक मारायला आवडतं. मी इकडून ओरडतो, ते तिकडून हात हलवतात. फार बरं वाटतं."

आतून शेट हसले. "हाक मारणं हा काय धंदा झाला?"

पुढच्याच आठवड्यात शेट आणि रावजी पलीकडच्या गावी बाजाराला गेले. सकाळी हसन तांडेलाच्या होडीतून परत निघाले — आणि धुकं उतरलं! स्वतःचा हात दिसेना. त्यात ओहोटी लागलेली, होडी समुद्राकडे ओढली जायला लागली. धक्क्यावर गाव जमलं. जो तो ओरडला, पण सगळ्यांचे आवाज धुक्यानं गिळले. मग भार्गव पुढे आला.

"बाबाऽऽ! इकडेऽऽ!"

लांबून बारीक "ओऽऽ" आली! पण एका हाकेनं भागतंय होय? आवाज सारखा हवा, तरच होडीला दिशा मिळणार. आता बोलायचं काय? बिचाऱ्याला दुसरं येत काय होतं! "रावजींना मूळव्याधऽऽ! सगुणाकाकूंच्या पाटल्या पितळेच्याऽऽ!"

होडीत रावजी ताडकन उठले. "तांडेल, उजवीकडे घ्या! ती माझीच मूळव्याध!"

इकडे भार्गवाची नजर गेली — बाजूलाच सगुणाकाकू उभ्या! गेले दोन महिने त्या त्याचं तोंड पाहत नव्हत्या. शरमेनं त्यानं तोंडावर हातच दाबला. आणि धुक्यातून येणारी वल्ह्यांची चाहूल लांब लांब जायला लागली हो! सगुणाकाकूंचं कुंकू त्या होडीत! त्यांनी हातातल्या पाटल्या वर करून हलवल्या आणि किंचाळल्या —

"गप्प का झालास मेल्या? पितळेच्या आहेत, सांग! सगळ्या जगाला सांग! ओरड!"

आणि भार्गव असा ओरडला, मंडळी, असा ओरडला, की तांडेलानं डोळे मिटून होडी आणली असती! धुक्यातून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, दिसली. होडी धक्क्याला टेकली. काकू रावजींच्या गळ्यात पडून रडल्या, चारचौघांत!

शेट उतरले. मुलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून पेढीची पायरी चढायची नाही." लोक चपापले. "तुझी जागा इथं, धक्क्यावर. त्या दिवशी मी हसलो, चुकलो. हाक मारणं हा धंदा आहे रे. आज मी त्याच हाकेवर घरी आलो."

हसन तांडेल म्हणाला, "शेट, मी मागणारच होतो त्याला!"

तर आपला सवाल काय होता? देवानं सांगून का नाही पाठवलं? अहो, सांगितलं होतं की! गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं होतं! ऐकत नव्हतं कोण? बाप!

आता हसताय काय? तुमची लेक घरातलं घड्याळ खोलून बसते, तिच्या पाठीत धपाटा घालता. मुलगा चुलीपाशी रमतो, त्याला हाताला धरून बाहेर काढता. आज घरी जा, पोरांना जवळ बसवा, विचारा — तुला आवडतं काय? हे आमचे पेटीवाले! वडील यांना तलाठी करणार होते. तुमचे सातबारे थोडक्यात वाचले!

चला, आता घ्या नाव देवाचं. छे! एवढ्याशा आवाजानं होडी धक्क्याला लागत नसते. भार्गवासारखं घ्या — घसा मोकळा सोडून!